गच्चीचे एकशे वीस इंच

मास्तरांनी गच्चीचं माप तिसऱ्यांदा घेतलं आणि तिसऱ्यांदाही ते एकशे वीस इंचच भरलं.

"एकदा घेतलंत ना? मग पुरे की," दारातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या सिस्टर म्हणाल्या. "गच्ची काही पोट आत ओढून उभी नाहीये."

माप घेताना मास्तर बोलत नसत. बत्तीस वर्षं ते लोकांचे कपडे शिवत होते आणि दुकान टाकलं त्या दिवशी विकत घेतलेला टेप आजही त्यांच्या गळ्यात होता. दुकान लहान होतं, मशीन कुरकुरत होतं, पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती. पण आसपासच्या चार गल्ल्यांत लोक म्हणत, "मास्तरांचं माप चुकत नाही." माणसाकडे अभिमान बाळगण्यासारखं फारसं काही नसलं की असल्या एका वाक्यावर तो आयुष्य काढतो. मास्तरांनी काढलं होतं.

सिस्टर त्यांच्या पत्नी. दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे त्यांना घरीदारी सगळेच सिस्टर म्हणत आणि कंटाळून त्यांनीही ते मान्य केलं होतं. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजत. संध्याकाळी गच्चीत अनवाणी बसून एक कप चहा प्यावा, एवढीच त्यांची इच्छा. पण गच्चीची फरशी दिवसभर तापून संध्याकाळी सातपर्यंत चटके देई. "चपला घालून बस," असं मास्तर म्हणाले की त्या म्हणत, "दिवसभर बूटच घालून असते." गच्चीत एक गालिचा घालावा असं त्या तीन वर्षं सुचवत होत्या. आता त्यांनी सुचवणं सोडून सांगणं सुरू केलं होतं.

गालिचेवाले मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. बावीस वर्षं त्यांच्या पँटी मास्तरच शिवत. मास्तर आणि सिस्टर दुकानात येताच त्यांनी हौसेने एकेक गुंडाळी उलगडायला सुरुवात केली. सिस्टरांनी दुसराच गालिचा पाहून, "हा निळा, उभ्या पट्ट्यांचा, हाच," असं सांगून टाकलं. मास्तरांनी त्यानंतर आणखी एकवीस पाहिले. प्रत्येकाची किनार चिमटीत धरून चुरगळली.

"धुतल्यावर आटेल का?"

"प्लॅस्टिकचा आहे, मास्तर. कसा आटेल?"

"ह्या पट्ट्या आडव्या आहेत."

"मग?"

"गच्ची जाडी दिसेल."

सिस्टर चपला काढून गालिच्यांच्या ढिगावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पावणेदोन तासांनी मास्तरांनी निळा, उभ्या पट्ट्यांचा गालिचा पसंत केला.

"छान. उद्या माणूस पाठवतो मोजायला, मग कापू," गालिचेवाले म्हणाले.

"माणूस?" मास्तरांनी विचारलं. "मी मोजलेलं मोजायला?"

"चुकलो, चुकलो," गालिचेवाल्यांनी कान पकडले. "तुम्ही बोला."

"लांबी एकशे वीस. सूतभर कमी नको, सूतभर जास्त नको."

शनिवारी गालिचा आला. रुंदीत पाण्याच्या जाळीसाठी जागा सोडायची होती, ती बरोबर सुटली होती. लांबीत मात्र तो तीन इंच कमी पडला, आणि तोही नेमका दाराच्या बाजूला. सिस्टर चहाचा कप घेऊन मोठ्या आशेने गच्चीत उतरल्या आणि त्यांची टाच बरोबर त्या तीन इंचांत पडली. अर्धा चहा गालिच्यावर सांडला.

"काही नाही," त्या पाय झटकत म्हणाल्या, "गालिचा इकडे ओढून घ्या. फट तिकडे भिंतीशी जाईल. तिकडे कोण बघायला जातंय?"

"मला दिसणार ना," मास्तर म्हणाले.

ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी गालिचा मोजला. एकशे सतरा. म्हणजे गालिचेवाल्यांनी कमी कापला होता. मास्तरांना राग आला, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

निरोप मिळताच गालिचेवाले आपला पोलादी टेप घेऊन धावत आले. त्यांच्या टेपने गालिचा एकशे वीस भरला. मास्तरांनी आपला टेप लावला. एकशे सतरा. गालिचेवाल्यांनी पुन्हा लावला. एकशे वीस. दोघं गालिच्याच्या दोन टोकांना उकिडवे बसून मधल्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

"अहो, त्या पोलादी टेपने गच्चीच मोजा ना एकदा," सिस्टर म्हणाल्या.

"गच्ची मोजून झालीये," मास्तर म्हणाले.

गालिचेवाल्यांनी आपल्या टेपकडे संशयाने पाहिलं. "मास्तर, बावीस वर्षं तुमच्या मापाची पँट घालतोय, कधी पट्टा लावावा लागला नाही. माझाच टेप बिघडला असणार. वर तीन इंच जास्त धरून नवीन कापून देतो."

ते शब्दाला जागले. दुसरा गालिचा आला आणि गच्चीत चपखल बसला. पोलादी टेप त्यांनी फेकून दिला. शिवाय त्यांच्याकडे सव्वीस वर्षं गालिचे कापणारे एक काका होते, त्यांना त्यांनी चार शब्द सुनावले. काकांनी कात्री टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि घर गाठलं. ते परत आलेच नाहीत.

"बघितलंस?" मास्तर सिस्टरांना म्हणाले. "म्हटलं होतं ना?"

सिस्टरांना दोन संध्याकाळी शांत चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, कप ठेवायला एक छोटं टेबल हवं. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी गच्ची पुन्हा तीनदा मोजली असती. म्हणून त्यांनी दवाखान्यातला, बाळांची लांबी मोजायचा टेप पर्समध्ये टाकून आणला आणि गुपचूप कोपरा मोजला. मग सहज म्हणून लांबीही मोजली. ती भरली एकशे तेवीस. त्या संध्याकाळी वाद घालण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून त्या जेवून झोपल्या.

सकाळी त्यांनी दुकानात जाऊन कापायच्या टेबलावर दोन्ही टेप शेजारी शेजारी पसरले. एका टोकाला टोक जुळवलं. दुसऱ्या टोकाला मास्तरांचा टेप दीड इंच पुढे गेला होता. साठचा आकडा साठवर नव्हताच; साठाला दीड, म्हणजे एकशे विसाला तीन. बत्तीस वर्षं गळ्यात लोंबून आणि ताणला जाऊन टेप लांबला होता. कोपऱ्यात बसून काजं करणाऱ्या मावशींनी सुई थांबवली.

मास्तर स्टुलावर बसले.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना..."

"लोकांना काय?" मावशी म्हणाल्या. "ज्या टेपने माणूस मोजला त्याच टेपने कापड कापलंत. कपडा बसायचा तसा बसला. टेप खोटा असू दे, कपडा खरा आहे."

हे खरं होतं. मापही तोच टेप घेई आणि कापही तोच सांगे, म्हणून कधी कुणाला काही कळलं नव्हतं. टेप आणि मास्तर एकमेकांना सांभाळून घेत आले होते. पण आपण सांगायचं आणि दुसऱ्याने कापायचं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं आणि बिंग फुटलं.

"गालिचेवाल्यांना आजच सांगा," सिस्टर म्हणाल्या. "त्या काकांचा काय दोष?"

"सांगतो."

मास्तरांनी त्याच दिवशी नवा टेप आणला आणि जुना खणात टाकला. गालिचेवाल्यांकडे मात्र त्यांचे पाय वळेनात. उद्या सांगू म्हणत आठवडा गेला, दुसरा गेला. दुकानावरून गालिचेवाले जाताना दिसले की मास्तर मशीनखाली वाकून काहीतरी शोधू लागत. मनाला लागलेल्या ह्या टोचणीत त्यांच्या हातून एक साधी गोष्ट निसटली. जुन्या गिऱ्हाइकांचं माप ते दर वेळी घेत नसत. सगळी मापं वहीत होती. वहीतली मापं जुन्या टेपची, आणि आता कापड कापलं जात होतं नव्या टेपने.

पहिले आले पोस्टमन. नव्या पँटचं बटण लागेना. मास्तर घाबरले, पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच पोस्टमन म्हणाले, "तुमचं नाही हो, माझंच पोट सुटलंय. सायकल सोडून गाडी घेतली तिथेच चुकलं." मग निवृत्त हेडमास्तर आले. त्यांना कोटात हात वर करता येईना. ते म्हणाले, "बायको कधीची सांगत होती, साखर सोडा." मग स्वतः गालिचेवाले आले. पडद्याआड दहा मिनिटं धापा टाकून ते घामाघूम बाहेर आले.

"राहू द्या ही पँट तुमच्याकडेच," ते पडेल आवाजात म्हणाले. "बारीक होतो आणि घेऊन जातो."

"अहो, थोडी सैल करून..."

"नको! माप मास्तरांचं आहे. मीच त्यात बसायला हवं."

कुठेतरी मोठी गडबड आहे एवढं मास्तरांना जाणवत होतं, पण इतके लोक एकदम जाड झाले असतील तर त्यात आपला काय दोष, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

सिस्टर मात्र पुढचे दोन आठवडे रोज उशिरा घरी येत होत्या. एका संध्याकाळी तर चहा न घेताच गच्चीत गालिच्यावर आडव्या झाल्या.

"आज एकतीस जणांची वजनं केली," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. "कुणाचंच वाढलेलं नाही. तसं सांगितलं की म्हणतात, 'तुमचा काटा बिघडलाय, मास्तरांचं माप चुकत नाही.' डॉक्टरांनी आज नवा काटा मागवला."

मास्तरांनी गच्चीच्या जाळीकडे पाहिलं.

"अहो," सिस्टर कोपरावर उठून बसल्या. "तुमच्या वहीतली मापं कुठल्या टेपची?"

मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो पाहून सिस्टर पुन्हा आडव्या झाल्या. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांवर हात घेतला. थोड्या वेळाने हाताखालूनच म्हणाल्या, "मी दमलेय हो. आता हे मिटवा."

मास्तरांना लाज वाटली, खरी लाज. आपल्या नावाला जपता जपता आपण हिचे पाय आणखी सुजवले, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांनी ठेवलेले एकोणीस कपडे समोर घेतले. शिवताना आत माया सोडलेली असते, ते जास्तीचं कापड उसवून मावशी आणि त्यांनी मिळून सगळे कपडे बरोबर इंचभर सैल केले. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी गालिचेवाल्यांना बोलावलं.

गालिचेवाले आले ते ओळखू येईनात. गाल बसले होते, मान लांब दिसत होती. तीन आठवडे ते पहाटे उठून चालत होते आणि रात्री नुसती काकडी खात होते. मास्तरांनी खणातून जुना टेप काढला, नव्याशेजारी टेबलावर ठेवला, आणि मग गच्चीपासून वहीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

गालिचेवाले दीड इंचाच्या त्या शेपटाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी जाडा झालोच नव्हतो?"

"नाही."

"आणि ती काकडी?"

मास्तरांनी मान खाली घातली. मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला.

"द्या ती पँट," गालिचेवाले शेवटी म्हणाले. "निदान पँट तरी घालू द्या."

ते पडद्याआड गेले आणि लगेच बाहेर आले. पँट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मागच्या खेपेला घाम काढणारी पँट आता कमरेवर थांबायला तयार नव्हती.

"मास्तर," ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "गालिच्याचं सोडा हो. टेपचं काय, कुणाचाही लांबेल. पण हे मात्र तुमचं चुकलं. आधी होती तीच बरोबर होती!"

मावशी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मास्तर थक्क होऊन उभे राहिले. 'चुकलं' हा शब्द ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं श्वास रोखून माप घेतलं होतं. तो शब्द आला आणि आभाळ काही कोसळलं नाही. गालिचेवाल्यांनी पँट सावरत स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "चहा सांगताय ना? साखर घालून सांगा."

"काकांचं काय?" मास्तरांनी विचारलं. "मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागतो."

"मागाच. पण मी ओळखतो त्यांना. नुसत्या माफीने यायचे नाहीत."

काकांनी माफी ऐकून घेतली, पाणी दिलं आणि एकच अट घातली. त्यांनी कापलेला तो एकशे वीस इंचांचा गालिचा गच्चीत परत घालायचा. तो बरोबर कापला होता, तेव्हा तो तिथेच दिसला पाहिजे. मास्तरांनी तो गालिचेवाल्यांच्या दुकानातून स्वतः खांद्यावर घालून आणला. काका दुसऱ्या दिवशी कामावर आले.

संध्याकाळी सिस्टर दवाखान्यातून आल्या. दारात थबकून त्यांनी खाली पाहिलं. गालिचा उंबऱ्याला टेकला होता. तीन इंचांची फट पलीकडे भिंतीशी गेली होती. त्यांनी काही न विचारता पाय ठेवला, खुर्चीत बसल्या, आणि पहिला घोट घेऊन लांब श्वास सोडला.

मास्तर शेजारी खाली गालिच्यावरच बसले. त्यांच्या गळ्यात आज टेप नव्हता.

"दिसतेय का हो फट?" सिस्टरांनी विचारलं.

"दिसतेय ना," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहासाठी हात पुढे केला.