बदकांच्या अंड्यांकरिता दुभाषी नेमिला त्याची हकीकत

कलम हाती घेतली, लिहिणे प्राप्त. थोरल्या ताईसाहेबांच्या स्वयंपाकघरी, ओट्याशेजारी, उबवणी पेटीत बदकांची अंडी थंड पडो लागली असतां जो प्रसंग गुदरला तो यथास्थित लिहिला आहे. पदरचे फार घातले नाही.

ताईसाहेबांची धाकटी बहीण सर्किटांच्या कारखान्यात चाकर, घरांत ठिणगी म्हणोन मशहूर. तिणें पेटीत सुधारणा करावी ऐसी मसलत योजिली आणि पेटीची ऊब राखणारा चांगला चालता कंट्रोलर जाळून खाक केला. मग ताईसाहेबांचे फर्मान सुटले की, अंडी गेली तर या घरांत ठिणगीने बल्बासही हात लावू नये. बहीण एकच, आणि तिचा भरवसा धुरासवे जावा, हे दुःख बहुत.

मग अंड्यांस गरम पाण्याच्या पिशव्यांची कुमक देऊन ठिणगी मोहिमेस उभी राहिली. पेटीतला थर्मामीटर जुना सरदार, युआर्ट नामे यंत्रांची भाषा बोलणार आणि मनास येईल तेव्हां आकडा फेकणार. जळल्या कंट्रोलराच्या जागी आणिलेला नवा हीटर मोठा मानी, आयटूसी नामे दुसऱ्या यंत्रभाषेखेरीज काही समजेना आणि आपण पुसल्याविना कोणाचे ऐकेना. उभयतांमध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिमुकला संगणक, दुभाषी नेमिला, की एकाचे ऐकोन ध्यानी ठेवावे आणि दुसऱ्याने पुसतांच सांगावे. कोड चढविला, तारा डकविल्या, आणि हीटर ढिम्म. मग कोड पुन्हा तपासला, दुभाष्यास शिव्यांची लाखोली वाहिली. गडी मुका तो मुकाच.

इतक्यात दाजीसाहेब दाखल जाहले, आणि पेटी खिडकीपाशी कोणी ठेविली यावरून नवराबायकोची जुंपली. दोघेही एकदम बोलत, ऐकत कोणीच नाही. ठिणगी वैतागून बघती जाहली, आणि बघतां बघतां टाळके उजळले. थर्मामीटरची बोलती तार तिणें दुभाष्याच्याही बोलत्या तारेसच जोडिली होती! तोंडास तोंड, कानास कान. रोज हेच काम करणाऱ्यानेच करावी ऐसी चूक. तारांची अदलाबदल केली मात्र, हीटर तांबडा जाहला, आणि ठिणगी ओट्यापुढे नाचो लागली. दाजीसाहेबही, कारण न पुसतां, नाचले.

पुढे यथाकाळ एका अंड्यास तडा गेला, ओले पिल्लू बाहेर आले आणि सर्वांवर ओरडले. ताईसाहेबांनी त्यास ओंजळीत घेतले, डोळे पुसले, आणि मिक्सर आणोन ठिणगीपुढे ठेविला.

"हा पण मधेच बंद पडतो गं. बघतेस का जरा?"

येणेप्रमाणे फर्मान रद्द जाहले, घर पुन्हा खुले जाहले, मोहीम फत्ते जाहली. ठिणगीने आधी प्लग काढिला. हे लिहिले सही.