शालूला कॉलेज पसंत पडत नाही

नवं कॉलेज पाहायला गेली की शालू आधी मुलींचा संडास पाहते. प्राचार्य, ग्रंथालय, भिंतीवरचे थोर पुरुष हे सगळं नंतर. आत जाते, कडी लावून पाहते, नळ सोडून पाहते आणि बाहेर येऊन निकाल सांगते. एका उपप्राचार्यांना तर तिनं तोंडावर विचारलं, "जिथं पोरीले आतून कडी लावता येत नाही, तिथं हक्क कोणते शिकवता जी तुम्ही?" त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आम्हाला पाणी हवं का विचारलं.

शालू माझी मावसबहीण, उमरेडची. तिथल्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन तिची बी.ए.ची दोन वर्षं झाली. त्या विषयाची बाकीची मुलंमुली एकेक करून गळाली. कुणाचं लग्न झालं, कुणी इतिहास घेतला. एकटी पोरगी त्या खोलीत काय शिकणार, असं म्हणून मावशीनं तिला आमच्याकडे नागपूरला धाडलं आणि तिसऱ्या वर्षासाठी कॉलेज शोधायचं काम माझ्यावर टाकलं. आमच्या विद्यार्थी संघटनेचे मोर्चे आणि पत्रकं यांच्यामुळे मला शहरातल्या सगळ्या कॉलेजांची निदान फाटकं तरी माहीत आहेत.

शालू आली आणि आमच्या घरात लोकशाही सुरू झाली. आईनं पोह्यांवर तर्री कमी घातली की, "माही हरकत नोंदवा." बाबांनी बातम्या बदलून क्रिकेट लावलं की, "या प्रस्तावाले अनुमोदन कोणाचं हाय?" बाबा आयुष्यभर कुणाला विचारून चॅनल बदलत नव्हते, ते आठवड्याभरात हात वर करून मत द्यायला लागले. एकदा बाबा हरले. तेव्हा शालूनं उठून त्यांच्यासाठीच चहा केला. मी हसले तर म्हणाली, "हसून काहून राहिली वं? हरलेल्याची सोय पाहा लागते. नाही तं तो पुढच्या खेपेले मतदानालेच येत नाही."

तिची दुसरी परीक्षा कॅन्टीनमध्ये होई. राज्यशास्त्राची पोरं गाठायची आणि त्यांना विचारायचं, तुमच्या मतदारसंघात मागच्या वेळी कोण हरलं? जिंकलेल्याचं नाव सगळेच सांगत. हरलेल्याचं विचारलं की पोरं समोशाकडे पाहत. "जिंकलेला तं पोस्टरवर राहते," शालू म्हणे, "हरलेला ज्याले आठवते तो राज्यशास्त्राचा विद्यार्थी." हे वाक्य मी आमच्या एका पत्रकात बिनदिक्कत वापरलं.

पहिलं कॉलेज कडीवरून गेलं. दुसऱ्यात राज्यघटना काचेच्या कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे. शालूनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि आतल्या पुस्तकाला म्हणाली, "जामीन भेटन, घाबरू नको." तिथून आम्ही निघालो तेव्हा मला तिचा केवढा अभिमान वाटला होता. तीन पिढ्यांचं वापरायचं राहून गेलेलं धैर्य एकट्या मुलीत साठवलेलं असावं, तशी ती चालत होती.

तिसरं कॉलेज धंतोलीत. कडी होती, नळाला पाणी होतं, पुस्तकं हाताला लागत होती. आम्ही न विचारता एका तासाला जाऊन बसलो. बाई राज्यपालांचे अधिकार शिकवत होत्या. शालूनं मध्येच हात वर करून त्यांचं एक म्हणणं खोडून काढलं. बाई रागावल्या नाहीत. पुढं येऊन बस, म्हणाल्या, आणि उरलेला तास दोघींनी भांडून काढला. कॅन्टीनमधल्या एका पोरानं तर हरलेले तिघंही सांगितले.

मी सुटकेचा श्वास सोडला. शालू फाटकाबाहेर आली आणि म्हणाली, "जमत नाही."

का, तर आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. अॅम्ब्युलन्सच्या भोंग्यात मूलभूत हक्क ऐकू येणार नाहीत.

मग चौथं झालं, पाचवं झालं. कुठं पंखा आवाज करत होता, कुठं प्राचार्य गरजेपेक्षा जास्त हसत होते. प्रवेशाची मुदत संपत आली. मावशीचे फोन सुरू झाले. शेवटी मी वैतागून तिला म्हटलं, आधी टीसी तर काढून आणू, कॉलेज मग चिठ्ठ्या टाकून ठरवू. ती चिठ्ठ्यांवरही काही बोलली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आम्ही उमरेडची बस धरली. कॉलेजच्या कार्यालयात टीसीचं नाव काढताच बाबू म्हणाले, "हे गेली म्हंजे गजबे सरायचे तास बंद." गजबे सर तासिका तत्त्वावर होते. विषयाला विद्यार्थी आहे तोवर तास, तास आहे तोवर नोकरी. आणि विद्यार्थी होता एकच.

मी शालूकडे पाहिलं. ती नोटीस बोर्ड वाचत होती. त्यावर काहीही नव्हतं.

'शिक्षण वाचवा' असं आम्ही पत्रकांवर मोठ्या ठशात छापतो. ही मुलगी महिनाभर नागपुरातल्या पंख्यांना नावं ठेवत ते वाचवत होती.

सर वर्गातच होते. सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेले. त्यांनी आम्हाला बसवलं आणि शालूला विचारलं की नागपुरात एक तरी कॉलेज धड असेल ना. ती खाली पाहत म्हणाली, "एक हाय. धंतोलीतलं."

"मंग नाही काहून म्हटलं?"

"तिथं काहीच खोट नाही सापडली, सर."

सर म्हणाले, "मत देताना मास्तराचं तोंड पाहाचं नाही, हे मी तुले पहिल्याच वर्षी शिकवलं होतं."

"मी गेली तं तुम्ही कोणाले शिकवान?"

"ते मी पाहीन. तू तिथं जाऊन भांड. इथं माह्याशी भांडून भांडून तुले माहे सगळे मुद्दे पाठ झाले."

शालूनं होकारार्थी मान हलवली. सरांनी घड्याळ पाहिलं, बाबू जेवायला गेले असतील म्हणाले, टीसी मिळेपर्यंत तास होऊन जाईल. ते फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि भरल्या सभागृहाकडे पाहावं तसं पाहत त्यांनी सुरुवात केली, "विद्यार्थी मित्रहो..."

मी मागं वळून पाहिलं. रिकामे बाक होते. शालूनं मात्र वही उघडली होती. बाकीचे सगळे गळाल्यापासून ती एकटीच विद्यार्थी मित्रहो होती.

तास संपला. सर हात झटकत बाहेर गेले. शालू उठली. त्या खोलीत आता पुढचा तास कुणाचाच नव्हता, तरी तिनं फळा कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ पुसला.