रिकाम्या डब्यातली सौ.

एका हातात पाळण्याची दोरी, दुसरा हात लॅपटॉपवर, अशा बैठकीत अर्पितानं दिग्रसमधल्या अर्ध्या ब्रह्मचाऱ्यांची लग्नं लावून टाकली.

हेतू वाईट नव्हता. लेकीचं बारसं रविवारी होतं आणि सासऱ्यांचा, म्हणजे सदाशिवरावांचा, हुकूम सुटला होता, "साऱ्यायले एकच कार्ड पाठोलं तं लोक म्हणते, आमाले मोजलंच नाही. नावानिशी कार्ड पाहिजे. अन् सारेच्या सारे समाजाच्या ग्रुपवर टाकजो. कोणाले रुसाले जागा नाही राह्यली पाहिजे."

अर्पिता नागपूरच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. समाजाची डिरेक्टरी एक्सएमएलच्या फाइलमध्ये मिळाली, तेव्हा तिला वाटलं, हे तर पोर कूस बदलायच्या आत होईल. फाइलमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाखाली एक डबा होता, त्यावर चिठ्ठी 'पत्नी'. प्रोग्रामनं डबा बघायचा, त्यातून एक सौभाग्यवती घडवायची आणि दोघांना सपत्नीक बोलवायचं. पोरीनं तेवढ्यात दुपटं भिजवलं. अर्पितानं एका हातानं लंगोट बदलला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

पहिला फोन मारोतरावांचा आला. मारोतराव जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघायचे. साठीला टेकलेले, गावाच्या लेखी बिनलग्नाचे, आणि त्याचा अभिमान बाळगणारे.

"सूनबाई, तुवं कार्ड आलं. 'श्री. मारोतराव व सौ.', अन् पुढं कोरंच. ही सौ. कोन व्हय माही?"

अर्पितानं फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. ज्यांची लग्नं झाली नव्हती, त्यांचाही 'पत्नी'चा डबा फाइलमध्ये होताच. फक्त आत काही नव्हतं. प्रोग्रामनं डबा आहे का एवढंच विचारलं होतं. डब्यात काही आहे का, हे विचारायला अर्पिता विसरली होती. म्हणून त्यानं प्रत्येक रिकाम्या डब्यातून एकेक बायको काढली होती. बिननावाची, पण रीतसर.

"चूक झाली काका. सौ. नाही तुमची."

"नाही?" मारोतराव जरा थांबले. "बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

तोवर ग्रुप पेटला होता. कोऱ्या जागेनं तर आगीत तेलच ओतलं. नाव लिहिलं असतं तर लोकांनी छापणाऱ्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण नावच नाही, म्हणजे नक्कीच लपवण्यासारखं काहीतरी!

सगळ्यात जास्त चर्चा एकाच कार्डाची होती : 'श्री. अंकुर व सौ.'

अंकुर अर्पिताचा धाकटा दीर, यवतमाळला नोकरीला. पुसदच्या इंद्रजितरावांच्या मुलीसोबत, निकितासोबत, त्याचं जमत आलं होतं. बारशाच्या निमित्तानं येऊन इंद्रजितराव साखरपुड्याची तारीख धरणार होते. अंकुरचा आवाज फोनमधून पाळण्यापर्यंत ऐकू आला.

"वैनी! निकिता माह्याशी बोलून नाही राह्यली! 'पहिलीले घेऊन जाय बारशाले' म्हणे! कोन पहिली?"

"भाऊजी, मी आत्ता ग्रुपवर खुलासा टाकते."

"काही नाही टाकाचं!" सदाशिवराव कडाडले. "आमच्या घरची चूक आमीच गावभर सांगाची काय?"

"अन् पोराचं लगन मोडलं तं?" सासूबाई तानाबाईंनी विचारलं. "कार्डं तं तुमालेच पाहिजे होते ना नावानिशी? मी म्हनलं होतं, हळदकुंकू घेऊन घरोघरी जातो. तं म्हने, सून इंजिनेर हाय."

सदाशिवरावांना अचानक गोठ्यातलं काम आठवलं.

रविवारी इंद्रजितराव आले ते दोन भाऊ घेऊन. पाळण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आमी बारशाले नाही आलो. विचाराले आलो. दुसरी कोन हाय?"

अंकुर खांबाला चिकटून उभा होता, खांबाहून पांढरा. अर्पितानं पोर तानाबाईंच्या मांडीवर दिली, मसाल्याचा डबा आणला आणि त्यातली एक मोकळी वाटी पुढे धरली.

"काका, ही जिऱ्याची वाटी हाय. जिरं संपलं. वाटी हाय म्हणून भाजीत जिरं पडते का? माह्या प्रोग्रामनं रिकाम्या वाटीची फोडणी देली. चूक माही हाय, भाऊजीची नाही."

इंद्रजितरावांनी वाटीत बोट फिरवून पाहिलं. चेहरा थोडा सैलावला. "म्हणजे ज्याले ज्याले असं कोरं कार्ड गेलं, ते सारे बिनलग्नाचेच?"

"सारेच! आता मारोतरावकाकाचंच घ्या. त्यायलेही 'व सौ.' गेलं. त्यायचं लगन नाही, हे अख्खं दिग्रस जाणते."

आणि नेमके त्याच क्षणी मारोतराव दारात आले. अंगात इस्त्रीचा सदरा. मागे अंगणवाडीच्या कोकिळाबाई, डोक्यावरून पदर, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र.

"सूनबाई," मारोतराव लाजत म्हणाले, "आमी तं यवतमाळले जाऊन गुपचूप रजिस्टर लगन केलं होतं. या वयात लोक हासतीन म्हणून कोणालेच नाही सांगतलं. तुह्या मशीनले कसं कळलं वं?"

अर्पिताच्या हातातली वाटी खाली पडून गोल गोल फिरत राहिली. ती थांबल्यावर इंद्रजितरावांनी सावकाश मान वळवून अंकुरकडे पाहिलं.

"आईची शप्पथ, मामाजी!" अंकुर होणाऱ्या सासऱ्यांपुढे रडकुंडीला आला. "माही वाटी रिकामीच हाय!"

इंद्रजितरावांनी भावांकडे पाहिलं. भावांनी वाटीकडे पाहिलं.

"सदाशिवराव," शेवटी ते म्हणाले, "तारीख आजच धरा, अन् जवळची धरा. ही वाटी उघडी ठेवणं बरं नाही."

पाळण्यातल्या पोरीचं नाव त्या गडबडीत दिवेलागणीला ठेवलं गेलं. तोवर तिनं चारदा झोप काढून घेतली होती.

साखरपुड्याची कार्डं अर्पितानंच काढली. या खेपेला प्रोग्रामनं प्रत्येक डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, रिकामा दिसला की मुकाट पुढे गेला. कुठेही चूक नाही. सदाशिवरावांनी कार्डं ऐटीत ग्रुपवर टाकली.

संध्याकाळी ओट्यावर आळीतले चार-पाच बिनलग्नाचे जमले. चाळिशी ओलांडलेले, कापूस-तूरवाले, घर-शेत असून मुलगी न मिळालेले. बराच वेळ चुळबुळ झाली. शेवटी एक जण मोबाइल पुढे करत म्हणाला,

"वैनी, ते मागचंवालं मशीनच बरं होतं वं."