इतर, दोन ग्रॅम

प्रयोगशाळेच्या टेबलावर सहा ढिगांत पडलेला आईचा मिक्सर पाहून तो दारातच थबकला.

वस्तूंचं आयुष्य मोजणं हा त्याचा पेशा. खाणीतून धातू निघाल्यापासून वस्तू भंगारात जाईपर्यंत तिने हवापाण्याचं किती वाटोळं केलं, ते तो काढून देई. त्यासाठी ती खोलून तांबं वेगळं, पोलाद वेगळं असं तोलावं लागे. घरचा सव्वीस वर्षांचा मिक्सर मात्र त्याने आईला न विचारता, फक्त वीज किती खातो ते पाहायला आणला होता.

"चिठ्ठी कुठे लावली होती तुम्ही?" सहायक म्हणाला. "बिनचिठ्ठीची वस्तू दिसली की खोलायची, हा नियम तुमचाच ना साहेब?"

नियम त्याचाच होता. आई संध्याकाळी मावशीकडून परतणार होती, आणि त्या मिक्सरला ती सुनेलाही हात लावू देत नसे. त्याने बाबांना बोलावून घेतलं. आजवरच्या दुरुस्त्या त्यांच्याच. ढीग पाहून बाबा पांढरेफटक पडले.

"सगळा खोललात?"

"सगळा. जोडता येईल ना?"

"येईल रे, न यायला काय झालं," बाबा म्हणाले.

घाम गाळून दोघांनी मिक्सर जोडला. सहायकाने यादी वाचली, "तांबं, पोलाद, रबर, सगळं आत गेलं. इतर, दोन ग्रॅम, हे राहिलं." त्याने पुडीतून एक तपकिरी गुंडी काढली.

गुंडी बाबांच्या लग्नातल्या कोटाची. ती आईने धुण्यात हरवली म्हणून एकोणीस वर्षं बाबा तिला ऐकवत आले होते.

"मोटर हलत होती, म्हणून तिच्याखाली हीच सरकवली. मग विसरलो. आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता," असं म्हणून बाबांनी ती खिशात घातली; मिक्सर पुन्हा खोलायला वेळ उरला नव्हता.

संध्याकाळी आईने मिक्सर लावला. तो असा खडखडला की तिने घाबरून बंद केला.

"संपला गं बाई माझा मिक्सर," म्हणत ती खालीच बसली. तिचे डोळे भरून आले.

मुलाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिशातून गुंडी काढून आईच्या हातावर ठेवली. "हिच्यावाचून खडखडतोय तो. खाली मीच बसवली होती."

आईने गुंडी उलटून पाहिली. आत जाऊन ती सुईदोरा आणि लग्नातला जुना कोट घेऊन आली, आणि गुंडी शिवायला बसली.

"अगं, पण मिक्सरला काय लावू?" बाबांनी विचारलं.

"तुमचा नवा कोट आणा," आई म्हणाली. "आणि येताना कात्री."