काळोखगडावर थांबायची सोय नाही

आमच्या घरात माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही आत येत नाही! मंडईत टोक मोडून बघितल्याशिवाय मी भेंडी घेत नाही, आणि पाळणाघर ठरवताना तिथल्या ताईंच्या सासरपर्यंत चौकशी केली होती. त्यामुळे आमची पाच वर्षांची हिरा बाबाच्या मांडीवर बसून कॉम्प्युटर गेम बघायला लागली, तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक गेम आधी आई खेळणार. आई पास करेल, तरच हिरा बघणार.

"तू खेळणार?" दिग्विजय म्हणाला. "तू माउस लाटण्यासारखा धरतेस."

दिग्विजय म्हणजे माझा नवरा. हडपसरच्या आयटी पार्कात तो विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहितो आणि घरी येऊन गेम्सवर मतं देतो. त्याच्या मते हल्ली कंपन्या अर्धाच गेम विकतात आणि उरलेला तुकड्यातुकड्याने. म्हणजे भेळ हातात द्यायची आणि चटणीसाठी परत रांगेत उभं करायचं. ऑनलाइन दुकानावर तर त्याचा काडीचा विश्वास नाही. तिथे घेतलेला गेम आपला नसतोच म्हणे, दुकान बंद पडलं की तोही गेला. कॉमिक्सचं तसं नाही, ती कपाटात राहतात. (राहतात खरी. माझ्या पैठणीच्या जागी.) एवढं बोलून झालं की तो त्याच दुकानात सेल लागलाय का ते बघतो. त्याच्याकडे न उघडलेले गेम इतके आहेत, की तेवढ्या न नेसलेल्या साड्या माझ्या आईकडेही नाहीत.

पण या सगळ्याच्या तळाशी एक खरी इच्छा होती. विमा सोडायचा आणि गेम बनवायचे. पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीत त्याने अर्जही केला होता आणि रोज मेल उघडून उत्तर आलंय का बघत होता.

त्याच कंपनीचा नवा गेम म्हणजे 'काळोखगड'. दिग्विजय ऑफिसला गेल्यावर मी तो तपासायला घेतला.

सुरुवातीची गोष्ट कॉमिकच्या पानांतून सांगितली होती. चित्रं सुरेख, पण एक फुगा वाचून होईपर्यंत पान आपोआप उलटायचं. वाचनालयात शेजारचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत पेपर उलटतो ना, तसं! मग नायिका गड चढू लागली. अर्ध्यात गेले आणि कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून येते, तर नायिकेला वेताळाने खाल्लेलं. पुन्हा पायथ्यापासून चढले, तर कुरियरवाला आला. वेताळ जेवला. पुन्हा चढले, बुरूज हाताशी आला, आणि बाथरूममधून हाक आली, "आईऽ, झालंऽ!"

वेताळाला त्या दिवशी अपचन झालं असणार.

परत येऊन बघते तर पडद्यावर नम्र प्रश्न : तुम्हाला हा खेळ कसा वाटला? आता पुण्यात कुणी आपण होऊन मत विचारावं आणि माणसाने ते देऊ नये? मी लिहिलं :

'कॉमिक ज्यांनी काढलं त्यांचा हात चांगला आहे. पानं उलटणाऱ्याला कसली घाई आहे, कळत नाही. नायिकेच्या खांद्यावर लोखंड आणि पोट उघडं. गडावर वारा असतो. खेळ मध्येच थांबवायचं बटण नाही. बनवणाऱ्यांना मूल नसावं. असल्यास ते दुसरंच कुणीतरी धूत असावं.'

मन हलकं झालं. मी वरण फोडणीला टाकलं.

आठवडाभराने दिग्विजय नाचतच घरात आला. मुलाखतीला बोलावलं होतं! "आणि काय म्हणतात माहितेय? तुमचा अभिप्राय आम्ही सगळ्यांनी वाचला, त्यावरच बोलायचंय. त्यांच्या आधीच्या गेमचं मी कौतुक केलं होतं ना? हे कोण वाचणार, म्हणालीस!"

कौतुक कसलं, त्यांनी वाचला तो माझा अभिप्राय! ऑनलाइन दुकानातलं खातं दिग्विजयचं. नाव त्याचं, फोटो त्याचा. तो दाढी करायला गेल्यावर मी बघितलं, तर त्याच्या हसऱ्या फोटोखाली माझा अभिप्राय, आणि तो 'उपयुक्त' ठरवणारी शेकडो माणसं. पुसायचं कुठून ते घाईत सापडेना. दुरुस्त करायचं सापडलं. म्हणून सौम्य करायला शेवटी जोडलं, 'राग नसावा.' त्यावर दुकानाला वाटलं ताजा माल आलाय, आणि त्याने तो उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवला!

नवऱ्याला सांगायला गेले, तर तो शीळ घालत स्वतः शर्टाला इस्त्री करत होता. लग्नानंतर पहिल्यांदा. मी कॉलरवरची सुरकुती दाखवली आणि परत आले.

मुलाखत लॅपटॉपवर, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. दिग्विजयने रजा घेतली होती. समोर पडद्यावर कंपनीच्या प्रमुख सत्यशीलाबाई. मी लॅपटॉपच्या मागे, फ्रिजला टेकून.

"अभिप्राय तुम्हीच लिहिलाय ना?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम. अगदी मनापासून."

"दुसरंच कुणीतरी धूत असावं, हेही मनापासून?"

दिग्विजयने नजर वर केली. असं वाक्य लिहिणारी बाई त्याच्या ओळखीत एकच, आणि ती फ्रिजपाशी हात जोडून उभी होती. त्याच्या चेहऱ्याचा रंग इस्त्री केलेल्या शर्टासारखा झाला. शर्ट पांढरा होता.

"त्यात... घरचा अनुभव आहे, मॅडम."

"मला मुलगा आहे," बाई थंडपणे म्हणाल्या. "सासूबाई सांभाळतात. आणि बटण आम्ही मुद्दाम ठेवलं नाही. मध्ये थांबलं की भीती जाते. खेळायला बसल्यावर माणसाने उठायचंच कशाला?"

"बाबाऽ, झालंऽ!"

मी धावले. हिराने मला दारातूनच परत पाठवलं. आज बाबा घरी आहे, बाबाच हवा. आणि तिने आवाज असा चढवला की खालच्या मजल्यावरचे लोकही धुवायला आले असते.

"मॅडम," दिग्विजय म्हणाला, "मला उठावं लागेल." आणि उठला.

पडद्यावर बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्यांच्याकडून एक म्हातारा आवाज आला, "सत्यशीला, अगं, याचं झालंय. माझे हात कणकेत आहेत." बाईंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे. मग त्याही उठल्या.

दिग्विजय परतला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी. तो मटकन बसला. मी काहीतरी सांगणार, इतक्यात बाई आल्या. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि दिग्विजयच्याही.

दोघांनी एकमेकांच्या बाह्या बघितल्या.

"बटण हवं," बाई म्हणाल्या. "कधी रुजू होताय?"

तर काळोखगडाला आता थांबवायचं बटण येतंय. ते बनवायचं काम अर्थातच दिग्विजयकडे, आणि तेही घरून! मी नातेवाइकांत मिरवून घेतलं. परवा मी मेथी निवडत होते आणि आतून हाक आली, "बाबाऽ, झालंऽ!"

दिग्विजयने पडद्यावरची नजर काढली नाही. "नमू, जरा बघतेस का? बटणाचं काम आहे, मध्येच थांबता येत नाही."

मी गेले. आल्यावर अभिप्राय पुन्हा दुरुस्त केला : 'बनवणाऱ्यांना मूल आहे. धुणारी मीच आहे. राग नसावा.'