कपाचा कान

रेणूसरांनी ठरवलं, आज शोकेस आपणच पुसायची. रसायनशास्त्राच्या मास्तराला घरात फडकं मारता येत नाही की काय! (रेणू हे काही त्यांचं नाव नव्हे. बोलताना दर दोन वाक्यांआड रेणू काढतात म्हणून शाळेतल्या पोरांनी ते पाडलं. सरांना मात्र ती पदवीच वाटते.)

फडकं फिरलं आणि बायकोला नुकताच बक्षीस मिळालेला चिनीमातीचा कप खाली आला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट नर्स' असं लिहिलेलं. नशीब, फुटला नाही! नुसता एक कान तुटला. पण हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आणि चार नर्सेस खास हा कप बघायला चहाला येणार होत्या, आणि बायको त्यांनाच आणायला गेली होती.

"झालं समाधान?" सोफ्यावरून सासूबाईंनी विचारलं.

"आई, हा माझा प्रांत आहे," सर छाती फुगवून म्हणाले. "इकडचे रेणू, तिकडचे रेणू, मध्ये ग्लू. बंध पक्का!"

त्यांनी इन्स्टंट ग्लूची ट्यूब काढली. पाकिटावरच्या सूचना वाचल्या नाहीत. (त्या केमिस्ट्री न येणाऱ्यांसाठी असतात.) पण प्रयोगशाळेची शिस्त म्हणजे शिस्त, म्हणून उजव्या हातात सुती मोजा चढवला. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं! हा ग्लू सुती कापडावर सांडला की भलताच तापतो. सरांनी ट्यूब दाबली ती कपावर कमी आणि मोज्यावरच जास्त.

"जावईबापू, धूर येतोय!"

"येऊ द्या!" सर हर्षाने ओरडले. "नवे बंध जुळले की उष्णता बाहेर पडते! उभा जन्म पोरांना सांगतोय, आज प्रत्यक्ष हातावर... अगं आई गं! मेलो!"

सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून नळाखाली उभं केलं. हात वाचला. पण मोजा हाताला चिकटला, कपाचा कान मोज्याला चिकटला, आणि तेवढ्यात बेल वाजली.

सर कान कपाला जागच्या जागी टेकवून, कप धरूनच पाहुण्यांसमोर गेले. दुसरं करणार काय?

"अय्या, बायकोचं कौतुक बघा! कप हातातून सोडवत नाहीये!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कसा सोडवेल?" सर म्हणाले, आणि बायकोकडे वळले. "अहो, मी फळ्यावर समीकरणं जुळवतो. ही माणसं जगवते. मला फार अभिमान आहे हिचा."

नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. बायकोला तो मोजा केव्हाच दिसला होता, तरी तिचे डोळे भरून आले.

"आता दोघांचा एक फोटो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कप दोघांनी धरा."

बायकोने कपाला हात लावला. कप अलगद तिच्या हातात आला. कान सरांकडेच राहिला.

सरांनी खाकरून वर्गातला आवाज लावला. "त्याचं असं आहे, कुठलाही बंध तोडायचा म्हटलं की बाहेरून ऊर्जा द्यावी लागते."

"कुठे द्यावी लागली?" बायको म्हणाली. "मी नुसता हात लावला."