सुर्याच्या पडवीतली चार बंदरं

भारनियमनाच्या त्या वर्षांत लाईट गेली की अख्खी वाडी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची. आमच्या शेजारचा सुर्या तांडेल तेवढा टाळी वाजवायचा. पंखा बंद, पंप बंद, आणि हा पडवीत उभा राहून खुशीत सांगणार, "गेली. आता बघूया कोण उठता नि कोण नाय."

कोण म्हणजे त्याचे चार कंप्युटर. सुर्या कुडाळच्या एका दुकानात कंप्युटर दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली यंत्रं मांडीवर घेऊन तो एस.टी.ने घरी आणायचा. तारांनी एकमेकांना जोडून त्यांना नावं दिली होती मालवण, देवगड, वेंगुर्ला आणि आचरा. बेत असा, की प्रत्येक बंदरावर एक यंत्र असावं आणि एका ठिकाणी मासळीचा भाव घातला की तो सगळीकडे दिसावा. बंदरांवर नेण्याआधी सगळा खेळ त्याने घरातच मांडला होता. मध्येच आचऱ्याची तार उपटायचा आणि म्हणायचा, "एक पडलो तरी बाकीच्यांनी उभ्यान रवाचा."

खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. मी पुण्यात कंप्युटर इंजिनिअर, वाडीतला पहिला. आमच्या ऑफिसातही असाच, बऱ्याच यंत्रांवर मिळून चालणारा प्रोग्रॅम होता, आणि तो आधी आपापल्या टेबलावर उभा करून बघायचा म्हणून आम्ही डोकं फोडून घेत होतो. माझ्या टेबलावर तो एकदाही धड उठला नव्हता. मे महिन्यात सुट्टीवर आलो, तर आई भाकरी वाढता वाढता म्हणते कशी, "सुर्याचा बघ. घरात बसान चार चार चलयता." मी अर्ध्या भाकरीवरून उठलो.

मग मी रोज संध्याकाळी, तो दुकानातून आला की, त्याच्या पडवीत जाऊन बसू लागलो. शिकायला नव्हे, खोट काढायला. सुर्याला वाटे मी आवडीने येतो. चहा ठेवायचा, मालवणचा पडदा माझ्याकडे वळवायचा, वेंगुर्ला आज रुसलाय म्हणून सांगायचा. सगळं चालत होतं. मेल्याचं सगळंच चालत होतं.

एका रविवारी दुपारी लाईट जाऊन आली. सुर्याने एरवीसारखा मालवणवर न घालता देवगडवर सुरमईचा नवा भाव घातला. तो बाकीच्या तिघांकडे गेलाच नाही, उलट देवगडवरच सकाळचा भाव परत आला. सुर्या तारा तपासत बसला. मी देवगडच्या पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि माझ्या जिवाला गारवा मिळाला. त्या यंत्राची आतली बॅटरी मेलेली होती. लाईट गेली की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जायची. त्यामुळे आत्ता घातलेला भाव बाकीच्यांना जुनाट वाटत होता, आणि नव्या तारखेने जुनीला पुसावं हा तर सुर्याचाच नियम. दिवसभर लोकांच्या बॅटऱ्या बदलणाऱ्याने घरची बदलली नव्हती. हे मी त्याला सांगितलंच, शिवाय यंत्रांच्या घड्याळांवर असं विसंबून राहतात का, हेही मी आवाज चढवून ऐकवलं.

आता याचं तोंड पडेल म्हणून मी वाट बघत होतो. सुर्याने हातातली तार खाली ठेवली, डोळे पुसले आणि तो चक्क हसला.

"इतक्या वर्सांत माजी चूक काढणारो तूच पयलो मेळलंस," तो म्हणाला. "घरात आवस म्हणता बरां आसा. दुकानात शेठ म्हणता बरां आसा. कोणाक कळणाच नाय, तर चुकलंय म्हणान सांगतलो कोण? तुका हापिसात सांगणारे धा जण आसत. माका तुजो हेवो वाटता रे."

सबंध सुट्टी मी ज्याच्यावर जळलो, तो माझ्यावर जळत होता. उठताना त्याने हळूच विचारलं, "उद्या येशीत मां? आणखी खंय चुकलंय तां बघ."

उद्या माझी पुण्याची एस.टी. होती. सकाळी स्टँडवर जाऊन तिकीट पुढच्या आठवड्याचं करून आलो. आईने कारण विचारलं, तेव्हा सांगितलं, सुर्याच्या चुका काढायच्या राहिल्यात.